ईशरच्या बंगल्यातली सत्तावीस गाणी: डेमो ऐकायचा तरी कसा?

अर्धी_चाल (धागाकर्ता)

मंडळी,

गेले तीन आठवडे रोज रात्री दिवे मालवून मी बीटल्सचे ईशर डेमो (म्हणजे स्टुडिओत जाण्याआधी घरी घेतलेली गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं) ऐकतोय. पूर्वीही ऐकले होते, पण इतर कामं करता करता, नुसते कानावरून गेले होते. या वेळी वही घेऊन बसलो. घरात या विषयावर बोलायला कोणी नाही आणि मनात ठेवून राहवत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. १९६८च्या फेब्रुवारीत बीटल्सचे चौघेही, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमर रिंगो स्टार, ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात गेले. रिंगो दहा-बारा दिवसांत परतला, पॉल मार्चअखेरीस, जॉन आणि जॉर्ज एप्रिलच्या मध्याला. तिथे स्टुडिओ नव्हता, इलेक्ट्रिक गिटारी नव्हत्या. साध्या अकूस्टिक गिटारी होत्या आणि हाताशी भरपूर मोकळा वेळ. गाणी एकामागून एक सुचत गेली. परतल्यावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मंडळी जॉर्ज हॅरिसनच्या घरी जमली. लंडनजवळ सरे परगण्यात ईशर नावाचं गाव आहे, तिथे जॉर्जचा ‘किनफॉन्स’ नावाचा बंगला होता. घरात अँपेक्सचं चार ट्रॅकचं रिळांचं यंत्र, म्हणजे एकाच टेपवर चार थर वेगवेगळे घेता येणारं. त्यावर २७ गाणी उतरली. आणि ३० मे रोजी ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत नव्या अल्बमचं काम सुरूसुद्धा झालं.

तो अल्बम २२ नोव्हेंबर १९६८ला आला. नाव नुसतंच ‘द बीटल्स’, कव्हर पांढरंफटक, म्हणून सगळं जग त्याला व्हाइट अल्बम म्हणतं. दोन तबकड्या, ३० ट्रॅक. ईशरच्या २७ पैकी १९ गाणी त्यावर आली. मी वहीत हिशेब मांडला: टेपवर जॉनची १५, पॉलची ७, जॉर्जची ५. जॉर्जच्या घरी, जॉर्जच्या यंत्रावर, आणि जॉर्जची फक्त पाच. हा आकडा लिहिताना मला वाईट वाटलं, खरं सांगतो.

आता मुद्द्याकडे येतो. आपण सगळे ही टेप उलट्या क्रमाने ऐकतो. आधी रेकॉर्ड ऐकलेली असते, वर्षानुवर्षं, आणि मग डेमो. त्यामुळे ‘डिअर प्रुडन्स’ची टेप लागली की जिथे ड्रम्स यायला हवेत तिथे माझं डोकं आपोआप ड्रम्स वाजवतं. टेपवर ते नाहीतच. ते मी घरून आणलेत. म्हणजे मी डेमो ऐकतच नाही, तर रेकॉर्डची आठवण ऐकतो आणि वर म्हणतो, ‘वा, किती साधं, किती निर्मळ!’

म्हणून या वेळी मी एक पथ्य पाळलं. तीन आठवडे व्हाइट अल्बमला हात लावला नाही. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात हळूहळू टेपवर जे खरोखर आहे तेवढंच ऐकू येऊ लागलं.

‘रिव्होल्यूशन’ घ्या. टेपवर ते टाळ्यांच्या ठेक्यावर चाललेलं उत्साहाचं गाणं आहे, दोस्तांनी ओसरीवर बसून म्हणावं तसं. स्टुडिओत गेल्यावर ते आधी संथ झालं (अल्बमवर आहे ते), मग जुलैमध्ये पुन्हा नव्याने करून वेगवान आणि कर्कश झालं (‘हे जूड’च्या मागच्या बाजूला आहे ते). पूर्वी मला हे तीन वेगळे ‘प्रकार’ वाटायचे. आता वाटतं, टेपवर दोन्ही शक्यता एकाच वेळी जिवंत आहेत. त्या दिवशी त्या बंगल्यात कोणालाच माहीत नव्हतं की हे गाणं कोणत्या वाटेने जाणार.

‘येर ब्लूज’मध्ये तर एक शब्दच वेगळा आहे. रेकॉर्डवर जॉन थेट आत्महत्येची भाषा करतो. टेपवर त्या जागी नुसतं ‘असुरक्षित वाटतं’ या अर्थाचा शब्द आहे. मे ते ऑगस्ट या काळात त्या एका शब्दाचा पार तळ गाठला त्याने. आणि ‘ग्लास अनियन’ अर्धंच झालंय: शब्द संपले की तो चक्क निरर्थक बडबड गातो, पण चाल कुठेही अडखळत नाही. चाल पक्की, शब्द यायचे बाकी. ज्याने कधी स्वतः गाणं रचायचा प्रयत्न केला असेल त्याला ही अवस्था आतून माहीत असते.

माझं म्हणणं एवढंच आहे: डेमो हे गाण्याचं बालपण नाही. जिथे निर्णय अजून झालेले नाहीत अशी ती जागा आहे, आणि तिथे उभं राहून ऐकलं तरच ती ऐकू येते. तुमचं काय मत? तुम्ही डेमो का ऐकता, कसे ऐकता?

---

मध्यरात्रीचा_रेडिओ

फार दिवसांनी असा धागा आला. वाचनखूण साठवली.

पहिल्यांदा हे डेमो मी ज्या स्वरूपात ऐकले ते आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. १९८८पासून चार-एक वर्षं अमेरिकन रेडिओवर जॉन लेननच्या घरगुती टेप्सची एक मालिका चालायची. त्यातून ईशरची बरीच गाणी बाहेर फुटली आणि चोरट्या रेकॉर्डवर, कॅसेटवर जगभर फिरली. माझ्यापर्यंत आलेली कॅसेट कितव्या पिढीची नक्कल होती देव जाणे. आवाजापेक्षा खरखर जास्त. पण त्या खरखरीतून ‘ज्यूलिया’ ऐकू आलं आणि मी कॅसेट उलटवायचंही विसरलो.

१९९६च्या ‘अँथॉलॉजी ३’वर यातली सात गाणी अधिकृतपणे आली. सगळीच्या सगळी २७ यायला २०१८चा नोव्हेंबर उजाडला, पन्नास वर्षांच्या निमित्ताने काढलेल्या संचात. ती जॉर्जच्या मूळ चार ट्रॅकच्या टेपवरून घेतली होती. संचाचा निर्माता जाइल्स मार्टिन, त्याने ती ज्या स्वच्छपणे समोर ठेवली ते ऐकून आनंद झाला, आणि थोडं हरवल्यासारखंही झालं. माझी खरखर गेली होती. तुम्ही म्हणता तसं, तुम्ही ड्रम्स घरून आणता आणि मी खरखर घरून आणतो.

---

सहा_तारा

सुंदर लिहिलंय. एका ठिकाणी मात्र थांबावंसं वाटतं. ‘दोस्तांनी ओसरीवर बसून म्हणावं तसं’ हे चित्र लोभस आहे, पण टेपच्या रचनेकडे पाहिलं तर ते पूर्ण खरं नाही.

हेडफोन लावून जॉनची गाणी ऐका. त्याचा आवाज बऱ्याच ठिकाणी दुहेरी आहे. गिटारही. म्हणजे एकदा पूर्ण गाऊन-वाजवून एका ट्रॅकवर घेतलं, मग ते ऐकत ऐकत त्याच अंगाने पुन्हा गाऊन दुसऱ्या ट्रॅकवर घेतलं. याला डबल ट्रॅकिंग म्हणतात. स्टुडिओत जॉनला या कामाचा इतका कंटाळा होता की त्याच्यासाठी १९६६ साली ईएमआयच्या केन टाउनसेंडने यंत्रानेच आवाज दुप्पट करायची युक्ती काढली. बंगल्यावर ती सोय नव्हती, तेव्हा बुवा स्वतः दोनदा गायले. आणि दोन आवाज जिथे तंतोतंत जुळत नाहीत, एखादं व्यंजन अर्धा क्षण मागेपुढे होतं, तिथेच त्या टेपची सगळी गोडी आहे असं मला वाटतं.

सांगायचं कारण असं की चार ट्रॅक हे तुटपुंजं साधन नव्हतं. ‘सार्जंट पेपर’ त्याच्या आदल्या वर्षी चार ट्रॅकच्या यंत्रांवरच झालं होतं. फरक इतकाच की स्टुडिओत चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेले पुन्हा मोकळे करून घ्यायचे. प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ थोडी वाढते आणि आधीचा तोल कायमचा गोठतो, मागे जाता येत नाही. घरी अशी उतरवणी करायची गरज नव्हती. दोन गिटारी, दोन आवाज, वर टाळ्या किंवा एखादा खुळखुळा. चारांत मावलं.

तेव्हा ही नुसती बैठक नाही. ज्याने त्याने विचार करून थर चढवलेत. पण ‘बंगलो बिल’मधला तो सगळ्यांचा कोरस आणि जनावरांचे आवाज ऐकले की खोलीत माणसं होती आणि मजेत होती, याबद्दल शंका राहत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

---

अर्धी_चाल

सहा_तारा, ओसरी मागे घेतो. दुहेरी आवाजाचं मला माहीत होतं, पण ‘म्हणजे त्याने दोनदा गायलं, म्हणजे त्याला ते गाणं जपून ठेवावंसं वाटत होतं’ हा धागा मी जोडला नव्हता. आभार.

---

खर्जातला

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

डेमोंचं हे जे वेड आहे त्यात स्टुडिओतल्या कामाला आपण नकळत कमी लेखतो. बासवादक म्हणून सांगतो. ‘डिअर प्रुडन्स’ची टेप गोड आहे, मान्य. पण रेकॉर्डवर पॉलचा बास जे करतो, एकाच जागी फिरणाऱ्या त्या गिटारखालची जमीन हळूहळू सरकवत नेतो, ते टेपवर असणं शक्यच नाही. ते ऑगस्टच्या शेवटी ट्रायडंट स्टुडिओत आठ ट्रॅकच्या यंत्रावर झालं. रिंगो तेव्हा चिडून बँड सोडून गेला होता, ड्रम्सवर पॉल बसला. शेवटी जो भर येतो, ड्रम्स फुटून बाहेर पडतात, तो त्या मोडक्या आठवड्यातला आहे! गाण्याचा आत्मा बंगल्यात होता आणि स्टुडिओने त्यावर पुटं चढवली, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

दुसरं उदाहरण ‘हॅपिनेस इज अ वॉर्म गन’. टेपवर त्याचे तुकडे आहेत. सुरुवात नाही, आणि ज्या ओळीवरून गाण्याला नाव मिळालं तो शेवटचा भागच नाही. मग सप्टेंबरमध्ये चौघांनी दोन दिवसांत सत्तर टेक घेतले, म्हणजे गाणं सत्तर वेळा वाजवून पाहिलं. सत्तर! लय सारखी बदलते, वजनं बदलतात, आणि ते चौघांनी एकत्र वाजवून साधलं. एकमेकांशी धड बोलत नसलेल्या माणसांनी. ‘व्हाइट अल्बम म्हणजे चार एकटी माणसं’ असं सरसकट म्हणतात त्यांनी ते गाणं ऐकावं.

डेमो म्हणजे सुताराने लाकडावर मारलेली पेन्सिलीची रेघ. सुतार रेघेवर प्रेम करत बसत नाही, करवत उचलतो.

---

पाऊसवेडी

खर्जातला +१, विशेषतः ‘हॅपिनेस’बद्दल.

पण ‘ओब-ला-दी’चं काय म्हणाल? टेपवर ते हलकं, पळतं आहे. जुलैमध्ये त्यावर दिवसच्या दिवस गेले, एक पूर्ण आवृत्ती टाकून दुसरी केली, शेवटी जॉन वैतागून पियानोवर धडाधड सुरुवात वाजवतो आणि तीच ठेवली जाते. १६ जुलैला ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने त्या वातावरणाला कंटाळून काम सोडलं. करवत कधी कधी फार वेळ चालते.

---

खर्जातला

हे मात्र बिनशर्त मान्य.

---

कोमल_निषाद

वाचता वाचता जुनी जखम उघडी पडली, म्हणून लिहिते.

आमचा एक बँड होता. पहिला अल्बम स्वतःच्या पैशाने काढला, दुसऱ्याची गाणी जमत आली तेव्हा मी आणि आमचा गिटारवाला एका रिकाम्या खोलीत दोन मायक्रोफोन लावून नऊ गाण्यांचे डेमो केले. दोन संध्याकाळी. एका गाण्यात मी दुसऱ्या अंतऱ्याला श्वास चुकले आणि ओळ अर्धी सोडून दिली, तिथे गिटार एकटीच पुढे गेली. नंतर स्टुडिओत ते गाणं आम्ही ‘नीट’ केलं. कानात लय धरायला यंत्राची क्लिक, अंतरा पूर्ण, श्वास जिथल्या तिथे. ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणालाच ते आवडलं नाही. आमच्या ध्वनिमुद्रकाने समजावलं की याला डेमोआयटिस म्हणतात: कच्ची प्रत इतक्या वेळा ऐकलेली असते की तीच कानात बसते आणि पुढचं काहीही परकं वाटतं. होईल सवय, म्हणाला. नाही झाली. पुढे ज्या कंपनीने अल्बम काढायचं कबूल केलं होतं तिने पत्रांना उत्तरं देणं बंद केलं आणि बँडही विरला. माझ्याजवळ आज ती डेमोची टेप आहे, स्टुडिओतली प्रत नाही. मागून घ्यावीशीही कधी वाटली नाही.

अर्धी_चाल, तुमच्या उलट्या क्रमाच्या मुद्द्यावर मी अडकले ते यामुळे. बँडच्या कानात आधी डेमो बसतो, श्रोत्याच्या कानात आधी रेकॉर्ड. म्हणजे दोघांची ओढ एकमेकांच्या विरुद्ध दिशेने. जॉनला ऑगस्टमध्ये ‘प्रुडन्स’ वाजवताना बंगल्यातली टेप आठवत असेल, आणि आपल्याला टेप ऐकताना ऑगस्ट आठवतो. माझ्या अर्ध्या सोडलेल्या ओळीचा मला जो लळा आहे तो माझ्या श्रोत्याला कधीच असणार नव्हता, कारण त्याने आधी पूर्ण ओळच ऐकली असती.

पेन्सिलीची रेघ म्हणता खर्जातला, पण कधी कधी रेघच बरोबर असते आणि करवत चुकते. हे बाहेरून कळत नाही, आतूनही उशिरा कळतं.

---

अर्धी_चाल

कोमल_निषाद, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ती टेप जपा. शक्य असेल तर संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवा, टेपचं काही खरं नसतं.

---

जुनी_रिळं

करवत न उचलता रेघच विकायला ठेवल्याची मोठी उदाहरणं आहेत. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत घरी टीॲकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, दोन साध्या मायक्रोफोनवर गाणी घेतली. हेतू इतकाच की बँडला ऐकवायची. मग बँडबरोबर स्टुडिओत करून पाहिली. जमली नाहीत. शेवटी ती कॅसेट, जी तो खिशात तशीच डबीशिवाय घेऊन फिरत होता, तीच त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून निघाली. घरगुती कॅसेटवरचा तो आवाज तबकडीवर नीट उतरवताना तंत्रज्ञांची दमछाक झाली होती.

बँडचं उदाहरण हवं असेल तर निर्वाणा. ‘ब्लीच’ या पहिल्या अल्बमनंतर, एप्रिल १९९०मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच विगबरोबर त्यांनी काही दिवस रेकॉर्डिंग केलं. खरं तर तो दुसरा अल्बमच व्हायचा होता. झाला नाही, पण त्या टेपच्या नकला मोठ्या कंपन्यांपर्यंत फिरल्या आणि त्यातून पुढचा करार झाला. म्हणजे अल्बम म्हणून केलेलं काम डेमो ठरलं. दरम्यान ड्रमर बदलला, डेव्ह ग्रोल आला, १९९१मध्ये ‘नेव्हरमाइंड’ झालं. त्यात ‘पॉली’ हे गाणं मात्र मॅडिसनचंच ठेवलं आहे. त्यातल्या मोजक्या झांजा आधीच्या ड्रमरच्या, चॅड चॅनिंगच्या हातच्या आहेत. इतक्या गाजलेल्या अल्बमच्या मधोमध डेमोचा एक तुकडा जसाच्या तसा बसलाय, आणि सांध्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

त्यामुळे ‘डेमो’ हे नाव टेपला नंतर मिळतं. पुढे काय झालं यावर ते ठरतं.

---

सहा_तारा

शेवटचं वाक्य फार आवडलं.

---

पाऊसवेडी

ऋषिकेशला मी जाऊन आले आहे, त्यामुळे थोडं तिथलं. गंगेच्या पूर्वेकडच्या काठावर टेकाडावर तो आश्रम आहे, लोक त्याला चौरासी कुटिया म्हणतात. बरीच वर्षं तो ओसाड होता, जंगलाने गिळला होता. २०१५च्या शेवटी वनखात्याने तो पाहायला खुला केला. गोल घुमटांच्या दगडी कुट्या ओळीने उभ्या आहेत, आत माणूस जेमतेम वावरेल. भिंतींना ओल, छपरांतून वेली.

मी तिथे एका कुटीच्या पायरीवर बसून ईशरची टेप लावली होती. ‘बंगलो बिल’ लागलं. ते गाणं आश्रमात आलेल्या आणि मधेच वाघाच्या शिकारीला गेलेल्या एका अमेरिकन पाहुण्यावरून सुचलं होतं. आता तो सगळा परिसर राजाजी व्याघ्र प्रकल्पात येतो. पाटीवर वाघाचं चित्र, आणि कानात जॉन त्या शिकाऱ्याला जाब विचारतोय. अंगावर काटा आला.

आणखी एक. गिटारच्या तारा बोटांनी एकेक छेडत वाजवायची ती पद्धत, जी ‘प्रुडन्स’ आणि ‘ज्यूलिया’मध्ये आहे, ती जॉनने तिथेच डॉनोव्हन या स्कॉटिश गायकाकडून शिकून घेतली. डॉनोव्हनही त्या वेळी आश्रमात होता. म्हणजे ईशरच्या टेपवर आपण जे ऐकतो ते दोनेक महिन्यांपूर्वी शिकलेलं बोटांचं वळण आहे. नवा विद्यार्थी आहे तो! मला वाटतं त्या टेपची ताजेपणाची जी भावना आहे त्यात याचा मोठा वाटा आहे. नवी गत हातात बसली की माणूस दिवसभर तीच घोळवत राहतो.

---

मध्यरात्रीचा_रेडिओ

पाऊसवेडी ताई, हे नव्हतं सुचलं कधी. खरंच, नव्या विद्यार्थ्याचा हात आहे तो.

अल्बमवर न आलेल्या आठ गाण्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. मला टेपचा तोच भाग सगळ्यात प्रिय आहे.

‘चाइल्ड ऑफ नेचर’च्या पहिल्याच ओळीत ऋषिकेशच्या रस्त्याचा उल्लेख आहे. महर्षींच्या निसर्गावरच्या एकाच व्याख्यानातून जॉनला हे आणि पॉलला ‘मदर नेचर्स सन’ सुचलं. अल्बमवर पॉलचं गेलं. जानेवारी १९६९मध्ये जॉनने ते पुन्हा काढलं, तेव्हा ऋषिकेशचं माराकेश झालं होतं. महर्षींवरचं मन उडालं होतं ना. तिथेही राहिलं. शेवटी १९७१मध्ये ‘इमॅजिन’वर तीच चाल ‘जेलस गाय’ म्हणून आली. रस्ता गेला, डोंगर गेला, उरला तो माफी मागणारा नवरा. चाल मात्र ईशरच्या टेपवर आहे तीच. मी ते आधी ऐकलं असतं तर ‘जेलस गाय’ मला पटलं असतं का, सांगता येत नाही.

जॉर्जच्या पाचांपैकी दोनच अल्बमवर गेली. ‘सावर मिल्क सी’ त्याने बीटल्सच्याच ॲपल या रेकॉर्ड कंपनीच्या जॅकी लोमॅक्स या गायकाला दिलं, त्यावर जॉर्ज, पॉल, रिंगो आणि एरिक क्लॅप्टन सगळे वाजवतात. ‘नॉट गिल्टी’चे ऑगस्टमध्ये १०२ टेक झाले आणि तरी ते अल्बमवर नाही. एकशे दोन! १९७९मध्ये त्याने स्वतःच्या अल्बमवर ते शांतपणे, सगळा राग उतरल्यावर गायलं. ‘सर्कल्स’ तर १९८२पर्यंत थांबलं. चौदा वर्षं.

पॉलचं ‘जंक’ १९७०च्या त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमवर आलं. ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ ‘ॲबी रोड’वर एकमेकांना चिकटून येतात. टेपवर मस्टर्डच्या बहिणीचं नाव शर्ली आहे. दोन गाणी जोडायची म्हणून रेकॉर्डवर तिचं पॅम झालं.

---

अर्धी_चाल

रेडिओकाका, शर्लीवर मी वहीत अर्धं पान लिहिलंय! निर्णय न झालेली जागा म्हणतो ती हीच. त्या दिवशी ती दोन गाणी एकमेकांची कोणी लागत नव्हती.

खर्जातला, तुमच्या विरोधामुळे काल रात्री पथ्य सोडलं. तीन आठवड्यांनी व्हाइट अल्बम लावला. ‘प्रुडन्स’च्या शेवटी ड्रम्स आले तेव्हा ते मला पहिल्यांदा ‘आले’ असं वाटलं. आजवर ते तिथे असायचेच. या वेळी कोणीतरी त्या खोलीत दार उघडून शिरलं. बासबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. आणि मग ‘ज्यूलिया’ लागलं. ऑक्टोबरमध्ये जॉनने ते एकट्याने केलं, अल्बमसाठी ध्वनिमुद्रित झालेलं शेवटचं गाणं. तिथे रेघ आणि करवत यांत मला फार अंतर दिसलं नाही. सगळा उन्हाळा भांडणांत गेल्यावर तो पुन्हा गिटार घेऊन बंगल्यातल्यासारखाच बसलाय, एवढंच जाणवलं.

---

खर्जातला

‘दार उघडून शिरलं’ हे मी आमच्या ड्रमरला ऐकवलं. तो आज रात्री ऐकणार आहे. पथ्य मात्र तीन आठवड्यांचं नको म्हणतो, एक करतो.

---

नवखा_श्रोता

नमस्कार, मी इथे नवीन आहे. बीटल्सची पाच-सहा प्रसिद्ध गाणीच ऐकली आहेत, व्हाइट अल्बम कधीच नाही. धागा वाचून प्रश्न पडला: मी आधी डेमो ऐकले तर चालेल का? म्हणजे तुम्ही म्हणता त्या योग्य क्रमाने?

---

कोमल_निषाद

चालेल का विचारता? आमच्यापैकी कोणालाच आता ते करता येणार नाही. तुम्हालाच येईल. ‘डिअर प्रुडन्स’पासून सुरुवात करा, आणि काय ऐकू आलं ते इथे येऊन जरूर लिहा.

---

नवखा_श्रोता

ऐकलं. आधी ‘डिअर प्रुडन्स’, मग ‘ज्यूलिया’, मग ‘जंक’, मग पुन्हा ‘प्रुडन्स’.

मला त्यात काहीच कमी वाटलं नाही. ड्रम्सची जागा कुठे आहे तेही कळलं नाही. गिटार गोल गोल फिरत राहते आणि माणूस कोणालातरी बाहेर ये म्हणून विनवतोय, एवढं कळलं. शेवटी तो गाणं थांबवून बोलायला लागतो, ध्यानाला बसलेली ती मुलगी पुढे पार सैरभैर होणार आहे हे कोणाला ठाऊक होतं, असं काहीसं. त्यात महर्षींचं आणि गावाचं नाव येतं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘आत्ता ऋषिकेश म्हणाला का रे तो?’

हो म्हटलं. ती शेजारी बसली. तिच्यासाठी पहिल्यापासून लावलं.